बघू म्हणजे काय

त्या घरात ‘नाही’ हा शब्द कुणी फारसा वापरत नसे. नकार द्यायचेच, पण तो ‘बघू’ म्हणून द्यायचे. ही खोड मूळची सुताराची. गिऱ्हाईक म्हणालं की कपाट पुढच्या आठवड्यात हवंय, की हा रंध्यावरून हात न उचलता म्हणायचा, बघू. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि कपाट काही व्हायचं नाही. बायको म्हणाली, न्हाणीघराचं दार घासतंय, तेवढं करा, तर बघू. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिने त्या ‘बघू’वर भरवसा ठेवला, मग तिला अक्कल आली. मुलगी मात्र उपजतच शहाणी. बाबाने ‘बघू’ म्हटलं की विषय संपला, हे तिला बोलायला लागल्या लागल्या कळलं, आणि मग तीही तो शब्द बापावर उलटवायला शिकली. औषध घेतेस ना? बघू. म्हणजे घेणार नाही.

मुलीला सगळे बाईसाहेब म्हणत. वय चौदा. स्नायूंचा आजार जन्मापासूनचा. ती कधी चालली नव्हती, बसल्या जागेवरून हुकूम सोडायची, म्हणून बाईसाहेब. छातीत दम कमी असल्यामुळे आवाज बारीक होता. वाक्य लांबलं की मध्येच श्वास संपायचा, म्हणून ती शब्द मोजूनमापून वापरायची. प्रश्न विचारला काय आणि उत्तर दिलं काय, तिचा सूर एकच.

तिची चाकांची खुर्ची विकतची असली तरी बैठक आणि पुढचा पाट सुताराने स्वतः केला होता. ती उजवीकडे कलायची. लहानपणी जरासं कलायची, तेव्हा त्याने बैठकीखाली उजव्या बाजूला एक पाचर ठोकली आणि पोरगी सरळ झाली. पुढे पुन्हा कलली, तर दुसरी पाचर. कामात त्याचा हात असा होता की पाचर कुठे सुरू होते आणि बैठक कुठे संपते ते कळायचं नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

दुसरी गंमत घरातल्या माणसांची झाली होती. मुलीचं डोकं एका बाजूला झुकलेलं, तर तिच्या डोळ्यांत बघून बोलायचं म्हणून समोरचा माणूस आपली मान डावीकडे टाकायचा. आई टाकायची, बाप टाकायचा, आत्याही टाकायची. वर्षानुवर्षं टाकून टाकून ती सवयच लागली. सगळेच कलल्यावर नेमकं कोण कललंय हे कळायचं कसं? खाली पाचरी वाढत गेल्या, वर माना झुकत गेल्या, आणि मधली पाठ कुणी नीट पाहिली नाही. आईला ती अंघोळीच्या वेळी दिसायची, पण रोज पाहणाऱ्याला वाढ दिसत नाही.

बाईसाहेबांचा एक हक्क घरात सर्वांना मान्य होता. त्यांना कुणी भरवायचं नाही. उजवं कोपर पाटाच्या कडेला टेकवून ती अंग खाली सोडायची आणि तोंड चमच्याशी न्यायची. इतरांचा हात तोंडाकडे जातो, हिचं तोंड हाताकडे यायचं. जेवायला वेळ लागायचा, सांडायचंही, पण घास तिचा तिचा असायचा. आत्याने एकदा मायेने घास पुढे केला तेव्हा बाईसाहेबांनी तोंड मिटून घेतलं आणि ते संध्याकाळपर्यंत उघडलं नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी बरेच दिवस सांगितल्यावर शेवटी तिघं मणक्यांच्या डॉक्टरांकडे गेले. खोली लहान होती. मुलीची खुर्ची टेबलासमोर लावली, आईबाप तिच्या दोन बाजूंना. डॉक्टरांनी आधी मुलीला पाहिलं, मग सुताराकडे बघून विचारलं, "तुमची मान दुखते का हो?" सुताराला हा प्रश्न काही कळला नाही. पेशंट कोण आहे हेच यांना माहीत नाही की काय, असं त्याला वाटलं.

मग डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे दाराजवळच्या भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीला लावला. आईबाप मागे वळले, उठून तिकडे गेले. सुताराने फोटो पाहिला आणि त्याला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. कणा कमरेतून निघाला होता तो एका बाजूला जाऊन, मोठं वळण घेऊन, कसाबसा मानेपर्यंत पोचला होता. कंबरेचं हाड तिरकं. एका बाजूच्या बरगड्या मिटलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. "पण ती माझ्या खुर्चीत सरळ बसते," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, खुर्ची चांगलीच आहे, तिनेच एवढं झाकून ठेवलं.

पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते सुताराला अर्धं कळलं, अर्धं नाही. पाठीत दोन सळ्या घालायच्या, मानेच्या खालपासून कमरेच्या हाडापर्यंत, आणि त्या मणक्यांना स्क्रूने पक्क्या करायच्या. हे कळलं. मग ते मणके हळूहळू एकमेकांत जुळून एकच हाड होतं. हे कळलं नाही. लाकडात असं कधी होत नाही. त्याने विचारलं की एवढे स्क्रू मारल्यावर हाड चिरत नाही का. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांचं हाड मऊ असतं, त्यामुळे ती काळजी त्यांनाही असते. बायकोने विचारलं की यानंतर ताकद येईल का, चालेल का. नाही, आजार आहे तसाच राहणार. पण नीट बसता येईल, एकाच कुल्ल्यावर येणारा भार वाटला जाईल, दुखणं कमी होईल, छातीला जरा जागा मिळेल. आणि नाही केलं तर? तर पाठ वाकतच जाईल, पुढे बसणंही जमणार नाही, आणि तोवर छाती इतकी दमलेली असेल की भूल देण्याचा धोका कुणी पत्करणार नाही. म्हणजे करायचं तर आत्ता. पण आत्ताही श्वासाची नळी लवकर निघेलच असं नाही, रक्त जाईल, जखम चिघळू शकते. डॉक्टर काही लपवत नव्हते, आणि नेमकं त्यामुळेच सुताराचं डोकं चालेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी डॉक्टर पुन्हा समोर येऊन मुलीशी बोलले. "तू सगळं ऐकलंस. तुला काय वाटतं?"

"बघू," ती म्हणाली.

सुताराच्या छातीवरचं ओझं उतरलं. नाही म्हणाली पोरगी. तिनेच नाही म्हटलं, आपल्याला म्हणावं लागलं नाही. त्याला खरं तर एकच भीती होती: ती झोपेल आणि उठणार नाही. आता झोपायलाच नको. बायकोचा चेहरा मात्र उजळला होता. मुलगी विचार करतेय असं तिला वाटलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, विचार करा, पण फार लांबवू नका. मुलगी काहीतरी पुन्हा पुटपुटली, पण तोवर सुताराने खुर्ची दाराकडे वळवली होती आणि डॉक्टरांनी पेटी बंद करून एक्स-रे पाकिटात घातला होता.

त्यानंतर घरात जो गोंधळ माजला त्याला तोड नव्हती. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. दिवसभर माणसांचं अर्धवट बोलणं ऐकून पुरं करायची तिला सवय, त्यामुळे मुलीच्या एका शब्दाचंही तिने पुरं वाक्य करून टाकलं होतं: विचार करून सांगते. म्हणून ती माहिती जमवायच्या मागे लागली. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला नळीत फुंकायला लावलं, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, करायचं असेल तर याच वर्षी करा. व्यायाम घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, बसणं छान होईल, फक्त एक लक्षात घ्या. मग त्यांनी मुलीसमोरच सांगितलं की पाठ वाकणार नाही म्हणजे तोंड खाली येणार नाही, आणि तोंड खाली आलं नाही तर चमचा तोंडापर्यंत पोचणं अवघड आहे. त्या दुपारी बाईसाहेबांनी ताटातला शेवटचा कण संपेपर्यंत जेवण चालू ठेवलं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांनी तर आणखीच भर घातली. एकीचा मुलगा ऑपरेशननंतर इतका छान बसायला लागला की ती म्हणाली, आधीच करायला हवं होतं. दुसरीच्या मुलीला महिनाभर यंत्रावर ठेवावं लागलं होतं, ती नुसतीच मान हलवत होती. तिसरीचा मुलगा सरळ झाला होता, पण आता त्याला पूर्वीसारखं कुशीवर वळता येत नव्हतं. दहा तोंडं, दहा बोलणी. प्रत्येक वेळी सुताराला वाटे, हेच बरोबर. पुढची बाई बोलली की वाटे, नाही, हे बरोबर.

सुताराची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, हिने आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली होती. हजारो मुलांना ‘सरळ उभे राहा’ सांगून तिने निवृत्ती घेतली, पण ‘सरळ’ या शब्दाने तिला निवृत्त होऊ दिलं नाही. तिचं म्हणणं, व्यायाम. डॉक्टरांनी उगीच पाचर मारून ठेवलीय, सकाळ-संध्याकाळ व्यायाम द्या, कणा आपोआप ताठ होतो. सुताराने सांगितलं, ताई, तिच्या स्नायूंतच जोर नाही, व्यायाम कशाने करायचा? ताई म्हणाली, इच्छाशक्तीने. हे सांगतानाही तिची मान डावीकडे झुकलेली होती.

"पण ताई, ती नाही म्हणाली आहे."

"कधी म्हणाली?"

"डॉक्टरांसमोर. बघू म्हणाली."

"मग ते नाही कसं?" बायको मध्येच म्हणाली. "विचार करते म्हणाली."

"आपल्या घरात बघू म्हणजे काय, तुला माहीत नाही?"

"तुम्ही बघू म्हटलं तर नाही असतं. ती तुम्ही नाही."

त्यावर बरीच चर्चा झाली. एका शब्दावर तीन शहाणी माणसं भांडत होती, आणि जिने तो उच्चारला ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिला विचारावं असं कुणाला वाटलं नाही असं नाही. सुतार तिच्यापाशी गेला, मान डावीकडे टाकून बसला आणि म्हणाला, "बाईसाहेब, तुमचं काय ते सांगून टाका." ती म्हणाली, "मी सांगितलं ना." आणि खिडकीकडे बघत राहिली. खिडकीतून तिला दिसत तरी काय होतं? ती कललेली असल्याने तिची नजर चौकटीच्या खालच्या फळीपाशी अडायची, फार तर पलीकडच्या भिंतीचा पट्टा. ती चौकट सुतारानेच बसवली होती.

तिने सांगितलं होतं, आणि त्याला ऐकू आलं होतं. आता उगाच ताणण्यात अर्थ नव्हता. मणक्यांच्या डॉक्टरांना जाऊन नको म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवलं. बायको म्हणाली, मी येते आणि मी तसं म्हणू देणार नाही. तो म्हणाला, ये. मुलगी म्हणाली, मी पण. ती येईलच हे दोघांनी धरून चालायला हवं होतं, पण तिला वगळून जायला निघालेले दोघंही जरा ओशाळले.

पुन्हा तीच खोली. मुलगी टेबलासमोर, आईबाप दोन बाजूंना.

"ती नाही म्हणाली," सुतार म्हणाला.

"कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मागच्या वेळी. इथेच, तुमच्यासमोर."

"त्या दिवशी तर ती बघू म्हणाली होती."

"हो ना, तेच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. बायकोने समजावून सांगितलं की यांच्याकडे बघू म्हणजे नाही, पण मुलीचं तसं नव्हतं. सुतार म्हणाला, तसंच होतं, बाप कोण आहे? बायको म्हणाली, आई कोण आहे? डॉक्टर कधी याच्याकडे तर कधी तिच्याकडे बघत होते. बिचाऱ्यांनी इतकी वर्षं अभ्यास केला, पण बघू या शब्दाचे अर्थ त्यांना कुणी शिकवले नव्हते.

टक, टक, आवाज आला. बाईसाहेब नखाने पाट वाजवत होत्या. घरात याचा अर्थ होता, गप्प बसा. सगळे गप्प बसले.

"फोटो," ती म्हणाली. श्वास घेतला. "मी बघू म्हटलं. फोटो. दाखवा, बघू."

कुणाच्या काही ध्यानात येईना. तिने पुन्हा श्वास घेतला.

"तुम्ही सगळ्यांनी बघितला. माझ्या मागे जाऊन. माझाच आहे ना?"

सुताराने मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या भिंतीवर उजेडाची पेटी होती. मुलीची खुर्ची टेबलाकडे तोंड करून उभी होती, आणि मान मागे वळवणं तिला शक्यच नव्हतं. चौदा वर्षं तिची खुर्ची कुठे कशी ठेवायची हे जगात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशी त्याने ती तशीच राहू दिली होती. पोरीने बघू म्हटलं. तिने बघायला मागितलं होतं, बस्स. आणि त्यांनी त्या शब्दावरून छातीच्या डॉक्टरीणबाईंपासून बाकावरच्या आयांपर्यंत सगळं गाव पालथं घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग घरी का नाही बोललीस गं?" आईने विचारलं.

"वाटलं, फार वाईट असेल. म्हणून लपवताय."

इतके दिवस ती खिडकीपाशी बसून, आपल्या पाठीत असं काय भयंकर आहे जे आईबापांना दाखवता येत नाही, याचा विचार करत होती, आणि हा तिच्यासमोर बसून तिचा नकार वाचत होता.

डॉक्टरांनी पाकिटातून एक्स-रे काढला. पेटीकडे न जाता ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि खिडकीच्या उजेडासमोर तो धरला. तिने डोळे बारीक केले. डॉक्टरांनी फोटो थोडा तिरका केला, आणि त्यांच्याही नकळत त्यांची मान डावीकडे गेली.

"ही मी?"

"हो, ही तू."

"हे काळं काय?"

"हवा. तुझं फुफ्फुस."

"आणि इकडचं?"

"तेही फुफ्फुसच. तिथे जागा राहिली नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

ती बराच वेळ बघत राहिली. रडेल असं सुताराला वाटलं, पण ती एखाद्या नकाशातलं गाव शोधावं तशी नजर फिरवत होती. मग तिने विचारलं की दम त्याच्यामुळेच लागतो का. डॉक्टर म्हणाले, थोडा त्याच्यामुळे, पण जास्त स्नायूंमुळे, आणि स्नायू मला सुधारता येणार नाहीत. तिने डोळ्यांनीच बरं म्हटलं.

"हात?"

डॉक्टरांना समजलं. "पोचेल असं मी म्हणू शकत नाही. बहुतेक नाही पोचणार."

मग तिने नजर बापाकडे वळवली. "बाबा, तू पोचवशील?"

सुताराच्या जिभेवर शब्द तयारच होता. आयुष्यभर तो आपोआपच बाहेर पडायचा. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हणावं तर ते खोटं ठरू शकत होतं. तुटलेली खुर्ची जोडणं वेगळं आणि हे वेगळं. त्याला खरंच काही कळत नव्हतं, पहिल्यापासूनच कळत नव्हतं, आणि हे त्याने एकदाही कुणाला सरळ सांगितलं नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "जमेल की नाही, खरंच माहीत नाही. पण जमेपर्यंत करत राहीन."

तिने थोडा वेळ त्याचा चेहरा तपासला.

"हे चालेल," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना म्हणाली, "करा."

ऑपरेशनच्या दिवशी ताई बाकावर ताठ बसली होती, पण तिने कुणालाही सरळ बसायला सांगितलं नाही. बायको भिंतीवरच्या सूचना पुन्हा पुन्हा वाचत होती. सुताराच्या खिशात लाकडाचा एक तुकडा होता, तो तेवढाच फिरवत बसला. डॉक्टर बाहेर आले, सळ्या बसल्या म्हणाले, पण श्वासाची नळी आज काढत नाही. बायकोला ही चांगली बातमी वाटली, सुताराला वाईट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि या वेळी भांडले नाहीत.

नळी निघायला वेळ लागला. एकदा काढली आणि परत घालावी लागली, तेव्हा सुताराने देवापासून डॉक्टरांपर्यंत कुणालाही बोल लावायचं बाकी ठेवलं नाही, सगळं मनातल्या मनात. मग नाकावर मुखवटा आला, मग तो फक्त झोपताना. पहिल्यांदा टेकून बसवलं तेव्हा तिला उलटी झाली, आणि दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा बायको चक्रावून म्हणाली, "एवढी उंच होती ही?" सुतार बघतच राहिला. त्याच्या मुलीचा चेहरा त्याला सापडेना. तो वर होता, जिथे पूर्वी कधी नव्हता.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. जुनी बैठक आता उपयोगाची नव्हती. सुताराने तिच्या खालच्या पाचरी एक एक करून उचकटल्या आणि जमिनीवर रचल्या. बाईसाहेबांनी ढीग पाहून विचारलं, हे सगळं माझ्याखाली होतं? होतं. त्या म्हणाल्या, डोंगरच की. पण हात आता पाटावर खाली, आणि तोंड तिथून कितीतरी वर. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पहिले दोन दिवस ती जेवलीच नाही. मग तिने आईकडून घास घेतला, डोळे मिटून. सुतार उठून न्हाणीघरात गेला आणि ते घासणारं दार त्याने जोरात लावून घेतलं.

मग त्याची करत राहण्याची पाळी आली. पाट वर केला, तर खांदा उचलला गेला आणि हात घसरला. वरून दोरीला कोपर टांगलं, तर चमचा झुलून नाकावर आदळला. लांब दांड्याचा चमचा केला, तो तिला उचलेना. गिऱ्हाइकांची कपाटं पडून राहिली. या वेळी तो त्यांना सरळ नाही म्हणाला आणि त्यांना ते चमत्कारिक वाटलं. शेवटी व्यायामाच्या मॅडमनी एक कल्पना सांगितली: हात उचलायचा नाही, कोपर खाली दाबायचं, जत्रेतल्या पाळण्यासारखं एक टोक खाली गेलं की दुसरं वर येईल. अशा मुलांसाठी असं काही बनवतात, पण तिच्या मापाचं हवं. सुताराने पन्हळीसारखी एक फळी केली, तीत हात ठेवायचा, आणि ती फळी एका खुंटीवर डोलेल अशी बसवली. खुंटीखाली उंची हवी होती. ढिगातल्या पाचरी हाताशीच होत्या, चांगल्या मुरलेल्या. त्याच एकमेकींना चिकटवल्या.

पहिली डुगडुगली. दुसरीचं तोंड उलटं गेलं. कितवी कोण जाणे, ती पाटावर बसवली त्या दुपारी ताईही आली होती. तिघं खुर्चीसमोर, खिडकीला पाठ करून बसले, तिघांच्या माना डावीकडे. मुलीने कोपर दाबलं. चमचा वर निघाला, थरथरला, अर्धा घास मांडीवर पडला, ताई पुढे झुकली आणि बायकोने तिचा हात धरला. उरलेला अर्धा घास वर गेला. तिघांची तोंडं आपोआप उघडली. चमचा ओठांशी पोचला आणि आत गेला.

ती चावत होती. सुताराला राहवेना.

"जमतंय का, बाईसाहेब?"

"बघू," ती म्हणाली.

सुताराचा चेहरा उतरला. झालं, नको म्हणाली. बायकोने त्याला हळूच सांगितलं की अहो, ती विचार करतेय. ताई म्हणाली, तिला काहीतरी दाखवायला सांगतेय, मागच्यासारखं, चमचा दाखवा तिला. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी सुतारानेच विचारलं, "बाईसाहेब, कुठलं बघू?"

तिने घास गिळला. तिची नजर त्यांच्यावर नव्हतीच. ती त्यांच्या कललेल्या डोक्यांच्या फटींतून, चौकटीच्या खालच्या फळीच्याही वर, रस्त्याकडे होती.

"सरळ बसा की सगळे," ती म्हणाली. "मध्ये येताय. बघू दे."

तिघं सरळ झाले. सुताराची मान कडकन वाजली, आणि मुलीने पुन्हा कोपर दाबलं.